नाव सांगता आलं म्हणजे भूल उतरली का?

"आबा, नाव काय तुमचं?"

आबांनी नाव सांगितलं.

"गाव कोणतं?"

तेही सांगितलं.

"उठा बरं, चार पावलं चालून दाखवा."

आबा चालले. सिस्टरनी सलाईनची सुई काढली, फाईल मुलाच्या हातात दिली. सकाळी नऊ वाजता पूर्ण भूल देऊन दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन झालेले सत्तरीचे आबा संध्याकाळी पाचला मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून चाळीस किलोमीटरवरच्या गावी निघाले.

रात्री दोनला ते उठले. "बैल सुटलेत" म्हणाले, दार उघडलं आणि विहिरीच्या वाटेला लागले. सुनेची झोप सावध, म्हणून ती मागे धावली. सकाळी ते माझ्या ओपीडीत होते. मुलगा म्हणाला, "रात्रीपासून आबा बरळायलेत, सायेब. मला ओळखंनात. आई म्हणती बाहेरचं काहीतरी झालंय." गळ्यात पहाटेच बांधलेला काळा दोरा होता.

तपासलं तर ओटीपोट टम्म. ऑपरेशनपासून लघवीच झाली नव्हती. नळी टाकल्यावर मूत्राशय मोकळं झालं. उरलेला अंमल उतरायला मात्र दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आबा शांतपणे चहा पीत होते, आणि त्या रात्रीतलं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं: रुग्ण शुद्धीवर, चालतो-बोलतो, प्रकृती स्थिर. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. पण त्यांचं डोकं ठिकाणावर आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं. आजचा लेख त्याबद्दल आहे. थोडा रागानेच लिहितो आहे, सांभाळून घ्या. (ओळख पटू नये म्हणून लेखातल्या पेशंटचे तपशील बदलले आहेत.)

भूल "उतरते" म्हणजे नेमकं काय होतं?

लोकांना वाटतं, भूल म्हणजे दिव्याचं बटण. बंद केलं की झोप, चालू केलं की जाग. तसं नसतं. भूल तीन टप्प्यांत उतरते.

पहिला टप्पा टेबलावरचा. पेशंट डोळे उघडतो, स्वतः श्वास घेतो, हाक मारली की ओ देतो. दुसरा टप्पा काही तासांचा. तो उठून बसतो, चालतो, चहा पचतो, दुखणं सहन होतं. तिसरा टप्पा डोक्याचा. लक्ष एकवटणं, नवीन सांगितलेलं लक्षात ठेवणं, धोका ओळखणं, हिशेब करणं, चटकन ब्रेक दाबणं. हा टप्पा सर्वांत सावकाश पुरा होतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

यामागे औषधांचा स्वभाव आहे. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेतून दिलं की मिनिटाच्या आत झोप लागते आणि एकच डोस असेल तर पाच-दहा मिनिटांत जागही येते. पण जाग येते ती औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरल्यामुळे. ते शरीराबाहेर पडलेलं नसतं. केटामाईनमुळे उठताना भास होऊ शकतात. मिडाझोलमची तर गंमतच वेगळी. ते दिल्यावर पेशंट बोलतो, हसतो, मान हलवतो, "हो सिस्टर, समजलं" म्हणतो, आणि नंतर त्यातलं त्याला काही आठवत नाही. डोळे उघडे असतात, पण नवीन आठवण साठवणारा कप्पा काही तास बंद असतो.

आता विचार करा. घरी गेल्यावरच्या सूचना आपण पेशंटला कधी सांगतो? नेमक्या त्याच तासांत.

एका तरुण आईची पिशवी साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली होती. "तासाला एक पॅड भिजू लागलं तर लगेच परत या," हे तिला सांगितलं गेलं होतं, यावर माझा विश्वास आहे. तिने मानही हलवली असेल. नवरा त्या वेळी खाली मेडिकलवर बिल भरत होता. रात्रभर रक्त जात राहिलं आणि ती "होतच असेल असं" म्हणून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणली तेव्हा ओठ पांढरेफटक. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. मी विचारलं, "बाई, सांगितलं नव्हतं का?" ती म्हणाली, "मला कुणीच काही सांगितलं न्हाई." दवाखाना म्हणतो सांगितलं, ती म्हणते नाही. दोघंही खरं बोलत होते.

यादीत काय आहे, काय नाही

भूल उतरल्याची तपासणी करायला जगभर गुणांच्या याद्या वापरतात. 1970 साली आलेली अल्ड्रेट यांची यादी सर्वांत प्रसिद्ध. हातपाय हलतात का, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग (रंगाच्या जागी आता बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजन) अशा पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण. दहापैकी नऊ मिळाले की पेशंट रिकव्हरी रूममधून बाहेर. त्यात शुद्धीचे पूर्ण दोन गुण मिळवायला पेशंट नीट जागा असला की पुरे.

घरी सोडायचं की नाही यासाठी वेगळी यादी आहे. कॅनडातल्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांच्या गटाने ती केली. तिच्या मूळ रूपात चालण्याबरोबर मानसिक स्थितीचाही उल्लेख होता. पुढे ती सुटसुटीत केली. आज वापरतात त्या सुधारित यादीत नाडी-रक्तदाब, चालणं, मळमळ-उलटी, वेदना आणि रक्तस्राव आहे. डोक्याचा स्वतंत्र प्रश्न त्यात उरलेला नाही. पेशंटला दहापैकी दहा गुण मिळू शकतात आणि तरी आज वार कोणता ते त्याला सांगता येत नाही, असं होऊ शकतं.

या याद्या चुकीच्या नाहीत. पेशंटचा जीव धोक्यात नाही ना, एवढं बघण्यासाठी त्या बनल्या आहेत आणि ते काम त्या चोख करतात. चूक आपली आहे. जीव सुरक्षित आहे एवढं दिसलं की माणूस पूर्ववत झाला, असं आपण धरून चालतो.

हैदराबादचा जुना धडा

ही चूक नवी नाही, आणि तिचा आपल्या भागाशी संबंध आहे. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. क्लोरोफॉर्म देताना माणसं का दगावतात, हे शोधायला हैदराबादेत 1888 आणि 1889 साली दोन आयोग बसले. पुढाकार तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आणि पाठबळ निजामाचं. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष असा की, श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको, क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडत नाही. श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा सल्ला मोलाचा होता. पण उरलेला अर्धा निष्कर्ष चुकला. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो, हे 1911 साली लेव्ही यांनी दाखवून दिलं.

हुशार, प्रामाणिक माणसंही ज्या बाजूला बघायचं नाही असं ठरवतात, त्या बाजूचा धोका त्यांना दिसत नाही. आज आपण श्वास बघतो, नाडी बघतो, ऑक्सिजन बघतो. डोकं बघत नाही.

"काही होत नाही हो, डॉक्टर!"

हा मुद्दा मांडला की माझे सर्जन मित्र चार उत्तरं देतात. एकेक घेऊ.

पहिलं: "रोज एवढे पेशंट घरी जातात, काही होत नाही." बहुतेकांना काही होत नाही, हे खरं आहे. मी डे-केअर शस्त्रक्रियेच्या विरोधात अजिबात नाही. उलट म्हातारी माणसं आपल्या खाटेवर, आपल्या माणसांत लवकर ताळ्यावर येतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात साठीपुढच्या लोकांच्या छोट्या शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केल्या होत्या. त्याच दिवशी घरी गेलेल्यांपैकी 3.5 टक्के लोकांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता सात दिवसांनंतर चाचण्यांत घटलेली दिसली. दवाखान्यात राहिलेल्यांत हे प्रमाण 9.8 टक्के होतं. मोठ्या शस्त्रक्रियांचं चित्र अधिक गंभीर. 1998 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या बाराशेहून अधिक रुग्णांपैकी 25.8 टक्के लोकांत आठवड्याने आणि 9.9 टक्के लोकांत तीन महिन्यांनंतरही घट सापडली. म्हणजे घरी पाठवणं चांगलंच. पण हे आकडे मिळाले ते कोणीतरी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासलं म्हणून. आपण तपासतच नसू, तर "काही होत नाही" हे आपल्याला कळलं कुठून?

दुसरं: "पेशंटच थांबायला तयार नसतो." हेही खरं. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्याकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा खाडा पडला की दोघांची मजुरी बुडते आणि वर मुकादमाचा दंड. म्हणून दुखणं असेल ते निघण्याआधी "उरकून घ्यायचं" असतं. 2019 साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून आपला जिल्हा देशभर गाजला, समिती नेमली गेली. तो प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पण घाईचं मूळ तिथे आणि इथे एकच. पेशंटला घाई असते म्हणूनच डॉक्टरने थांबायला सांगायचं असतं. पेशंटच्या घाईचा आपण आधार घ्यायचा नसतो.

तिसरं: "भूलतज्ज्ञांना वेळ कुठे?" तालुक्याच्या ठिकाणी एक भूलतज्ज्ञ दिवसात चार दवाखाने करतात. केस संपली, पेशंटने डोळे उघडले, की पुढच्या दवाखान्याचा फोन वाजतो. त्यांना मी दोष देत नाही. पण संध्याकाळी घरी सोडताना ज्यांनी भूल दिली ते तिथे नसतात आणि जे असतात त्यांना कोणती औषधं किती दिली हे नीट माहीत नसतं. मग निर्णय घेतं कोण? बहुतेक वेळा घड्याळ.

चौथं, आणि याचा मला सर्वांत जास्त राग येतो: "आपले पेशंट अडाणी. ते कसल्या चाचण्या देणार?"

अडाणी कोण?

मेंदूच्या तपासणीची जगप्रसिद्ध चाचणी 1975 सालची आहे. त्यात शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न असतात. कधी शाळेत न गेलेल्या आजीला हे विचारलं तर ती नापासच होणार. तो दोष चाचणीचा. हे ओळखून 1995 साली हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी चाचणी तयार केली. शंभरातून साताऐवजी वीसातून तीन-तीन वजा करायला सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी "तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं. घड्याळातली वेळ न विचारता सकाळ, दुपार की संध्याकाळ ते विचारलं. वाचून डोळे मिटण्याऐवजी "मी करतो तसं करा" म्हणून डोळे मिटून दाखवले. आणि लोकांना उत्तरं देता आली.

ती चाचणी स्मृतिभ्रंशासाठी होती, भुलेसाठी नव्हे. पण त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे. आपल्या आजीला बाजाराचा हिशेब तोंडपाठ असतो, कोणत्या गाईला कितवं वेत ते माहीत असतं. तिचं डोकं तपासायचं तर तिच्या जगातले प्रश्न विचारा.

माझी चूक

सर्जनवर एवढं बोललो, आता स्वतःकडे येतो. ऑपरेशनआधी पेशंट फिजिशियनकडे "फिटनेस"साठी येतो. वर्षानुवर्षं मी रक्तदाब, साखर, ईसीजी, हिमोग्लोबिन बघून सही करत आलो. "आबांचं विसरणं वाढलंय का? रात्री झोपेची गोळी घेतात का? दारू किती? कानाला ऐकू येतं का?" हे मी क्वचित विचारलं. ज्या आबांची गोष्ट वर सांगितली, ते वर्षभरापासून घरात पैसे ठेवून विसरत होते, हे मला मुलाने नंतर सांगितलं. त्यांच्या लघवीची धारही बारीक होती. आधी कोणी विचारलं असतं, तर त्यांना रात्रभर ठेवून घेण्याइतकं कारण कागदावर आलं असतं. आता माझ्या फिटनेसच्या कागदावर दोन ओळी जास्त असतात. उशिरा सुचलं, पण सुचलं.

पाच प्रश्न, दोनदा

यात मुख्य गोष्ट अशी की तपासणी दोनदा व्हायला हवी: सकाळी ऑपरेशनआधी आणि घरी सोडताना. माणूस मुळात कसा होता हे माहीत नसेल, तर तो बदलला की नाही हे कसं ठरवणार? ही गुणांची प्रमाणित चाचणी नव्हे. अंतिम निर्णय भूलतज्ज्ञांचाच. पण एवढं विचारायला सात-आठ मिनिटांच्या वर लागत नाहीत.

1. आता सकाळ, दुपार की संध्याकाळ? आज वार कोणता? आपण कोणत्या गावात, कशासाठी आलोय?

2. तीन शब्द सांगा, पाच मिनिटांनी विचारा. सकाळी विळा, भाकरी, बैल. संध्याकाळी वेगळे: चूल, दोरी, आंबा. तेच शब्द पुन्हा दिले तर सकाळचे आठवून सांगतील.

3. शनिवारपासून उलटे वार म्हणा, किंवा वीस रुपयांतून तीन-तीन रुपये कमी करत जा.

4. हा कागद उजव्या हातात घ्या, मधोमध घडी घाला आणि मांडीवर ठेवा. सगळं एकदाच सांगायचं.

5. घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्यायची आणि काय झालं तर परत यायचं, हे तुमच्या शब्दांत सांगा.

सकाळी पाचही नीट आणि संध्याकाळी अडखळत असतील, तर अजून दोन तास थांबा आणि पुन्हा विचारा. तरीही फरक असेल तर रात्र दवाखान्यात. खाटेचं भाडं वाढेल. विहिरीत माणूस गेल्यापेक्षा ते स्वस्त आहे.

चोवीस तास म्हणजे आपल्याकडे काय?

कागदावर छापलेलं असतं, "24 तास वाहन चालवू नये." डॉ. चुंग यांच्याच गटाने 2005 साली नकली गाडीवर पेशंटची चाचणी घेतली. पूर्ण भुलेनंतर दोन तासांनी त्यांचं गाडी चालवणं बिघडलेलं होतं, चोवीस तासांनी पूर्ववत होतं. म्हणजे नियमाला आधार आहे. पण आपल्याकडे या नियमाचा अर्थ वेगळा सांगावा लागतो.

मोटारसायकल चालवायची नाहीच. शक्यतो मागेही बसायचं नाही. डुलकी लागली तर तोल जातो. जीप किंवा रिक्षा करा. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, विजेची मोटर, विहीर, पेटती चूल यांपासून लांब. दारू आणि झोपेची गोळी बंद. तान्हं बाळ असेल तर दूध पाजायला सहसा हरकत नसते, पण पूर्ण जागं असताना, बसून आणि शेजारी कोणी असताना. पाजता पाजता झोप लागली तर बाळ गुदमरू शकतं.

आणि कोणत्याही कागदावर सही-अंगठा नाही. उचलीचा कागद असो, कर्जाचा असो की वाटणीचा. 1872 च्या करार कायद्यात स्पष्ट आहे: करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि आपलं हित-अहित ठरवता आलं पाहिजे. तापाच्या भ्रमातल्या माणसाचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. भुलेच्या अंमलातला माणूस त्याहून वेगळा नाही.

नातेवाईकांनो, तुमचं काम

सूचना पेशंटबरोबर तुम्हीही ऐका. त्या वेळी बिल भरायला जाऊ नका. सूचना मराठीत लिहून मागा. आबांचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र दवाखान्यात घेऊन या. दिसत-ऐकू येत नसेल तर शहाणा माणूसही गोंधळतो. पहिल्या रात्री एकाने त्याच खोलीत झोपायचं आणि बारीक दिवा चालू ठेवायचा.

पेशंट हलवूनही जागा होत नाही, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा अडकतो, ओठ निळे पडतात, झटके येतात, तोंड वाकडं होतं, एका बाजूची ताकद जाते, तर 108 ला फोन करा. सहा ते आठ तासांत लघवी नाही, बरळणं सुरू झालं, रक्त थांबत नाही, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. भुलेनंतरचं बरळणं म्हणजे बाहेरचं नव्हे. ते आतलंच असतं: तुंबलेली लघवी, कमी झालेली साखर किंवा सोडियम, कमी पडलेला ऑक्सिजन, वेदना, नाहीतर उरलेलं औषध. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे, पण वेळेत आलात तर. लिंबू उतरवण्यात गेलेले चार तास परत मिळत नाहीत.

पुढच्या वेळी तुमच्या घरातलं कोणी डे-केअरसाठी भरती होईल, तेव्हा सकाळीच विचारा: "संध्याकाळी यांचं डोकं ताळ्यावर आलं की नाही, ते कोण बघणार? त्यांचं नाव सांगा." चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. आला, तर माझं नाव पुढे करा. रात्र थांबायची वेळ आली, तर कुरकुर न करता थांबा.